ताब्यानंतरची पाच वर्षं

नव्या घराच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि आपण बिल्डरच्या सुपरवायझरला फोन करतो. ‘पाऊस थांबू द्या, माणूस पाठवतो,’ असं उत्तर येतं. माणूस येतो, भेगेत पुट्टी भरतो, वर रंगाचा हात मारून जातो. पुढच्या आषाढात ओल पुन्हा तिथंच. असे चार-पाच पावसाळे फोनाफोनीतच जातात आणि कायद्यानं दिलेला हक्क हातचा निसटतो.

2016 चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, याबाबत स्पष्ट आहे. बांधकामाच्या सांगाड्यातला दोष असो वा कामाच्या दर्जातला, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत तो विकासकाच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं एक पैसाही न घेता तीस दिवसांत दुरुस्ती केली पाहिजे. नाही केली तर नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा या सदनिका मालकी कायद्यात ही मुदत तीनच वर्षांची आहे. माझा सगळा भर ‘नजरेस आणून दिला’ या शब्दांवर आहे. भेग कधी पडली एवढं सांगून भागत नाही, ती कळवली कधी, हे दाखवावं लागतं. सुपरवायझरशी झालेलं बोलणं महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणापुढे कसं दाखवणार? त्यासाठी लेखी नोटीस हवी, तिची पोच हवी. ‘घर गळतं’ असं मोघम लिहून उपयोग नाही. कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, बाथरूमलगतच्या भिंतीवर जमिनीपासून किती फुटांपर्यंत ओल चढली आहे, ती प्रथम कधी दिसली, हे लिहावं. तारखेसह फोटो जोडावेत. गच्ची, पाण्याची टाकी, डक्ट अशा सामाईक जागांची नोटीस सोसायटीनं ठराव करून द्यावी.

‘नोटीस दिली की बिल्डर बिथरेल, कन्व्हेयन्स अडवेल,’ ही भीती पुष्कळ कार्यकारिणींना वाटते. ती अगदीच निराधार नाही, पण तिच्यापायी गप्प बसणं महागात पडतं. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणं, ही विकासकाची वेगळी जबाबदारी आहे. त्यानं टाळाटाळ केली तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, मार्ग आहे. उलट पाच वर्षं सरल्यावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सभासदांच्याच वर्गणीतून निघतो. बिल्डरांचीही एक तक्रार असते: रहिवासी भिंती फोडतात, फरशा बदलतात आणि गळतीचा दोष आमच्यावर ढकलतात. काही घरांत हे खरंच घडतं, आणि अशा नुकसानीचा भार विकासकावर टाकणं अन्यायाचं आहे. पण म्हणूनच नोटिशीसोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल असावा. मूळ कामातला दोष कोणता आणि नंतरच्या तोडफोडीचा परिणाम कोणता, हे तो सांगू शकतो. प्रामाणिक विकासकालाही असा कागद उपयोगी पडतो, कारण तो दाखवून त्याला आपल्या वॉटरप्रूफिंगवाल्या ठेकेदाराला जाब विचारता येतो.

तीस दिवसांत काम झालं नाही, तर महारेराकडे तक्रार करता येते, आणि तिथं पहिला कागद लागतो तो हीच नोटीस. तेव्हा आज कपाटातली फाइल काढा आणि ताबापत्रावरची तारीख बघा. पाच वर्षं व्हायची असतील, तर भिंतीवरची ओल या आठवड्यातच कागदावर उतरवा.