परवान्याचं पुस्तक कोणाच्या हाती?

(बोरी अरब येथील बैठकीतील भाषण)



शेतकी कॉलेजात मला खत किती, फवारणी कधी, एवढं शिकवलं. माल कोणाच्या सहीनं विकायचा, हे शिकवलं गडचिरोलीतल्या एका गावानं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). गोंडांची वस्ती, पाचशेच्या आतबाहेर माणसं. दुपारी पोचलो तर सामसूम. वाटलं, सगळे कामावर गेले. पुढं गेलो तर अख्खं गाव सभेला बसलेलं! एक बोलत होता, बाकीचे ऐकत होते.

भोवती बांबूचं जंगल. बांबू दारात, हुकूम वनखात्याचा. ठेका कागद कारखान्याला, गावाला फक्त मजुरी. मला आपला कापूस आठवला. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली. पीक आपलं, पण दुसऱ्याला विकायची बंदी. माझ्या बापानं केंद्रासमोर बैलगाडीखाली दोन रात्री काढलेल्या मी पाहिल्या आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. मेंढ्यानं कायदा वाचला, दावा लावला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी वाहतूक परवाना खात्याकडेच! गाव हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि बांबू गावानं स्वतः विकला.

हे जमलं कसं? तिथं आधी अभ्यास गटात वाचन, चर्चा, मग ग्रामसभा. मतं मोजत नाहीत. एकाला पटलं नाही तरी निर्णय थांबतो. आपल्याकडं पाच बोलतात, पन्नास उठून जातात. आणि हंगामात जो तो एकटाच गाडी भरून व्यापाऱ्याच्या दारात.

त्यांचं सगळंच घ्या, असं मी म्हणत नाही. २०१३ साली त्यांनी ग्रामदान ठरवलं, म्हणजे जमीन ग्रामसभेच्या नावावर. मी माझा सातबारा देणार नाही, तुम्हीही देणार नाही. पण वाचायची सवय तर घेता येते?

पहिल्या वेच्याआधी दहा घरं एकत्र बसा. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल परत. मग ओलावा घरीच पाहा, कापूस वाळवा, रोजचे भाव एका वहीत लिहा. दहा घरांचा कापूस एकत्र झाला की मगच भाव बोला.

कायद्यानं कापसाची बंदी केव्हाच सुटली. एकटं राहण्याची सवय मात्र आपणच सोडायची आहे.