कपाशीचा अनाहूत पाठीराखा

(वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागांत कपाशीच्या शेंड्यावर पिठासारखा पांढरा थर दिसला, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. अमेरिकेत 1898 साली नोंदविलेली ही कीड 2005 च्या सुमारास भारतीय कपाशीवर आली आणि दोन-तीन हंगामांत पंजाब-गुजरातपासून विदर्भापर्यंत पसरली. मेणचट आवरणामुळे फवाऱ्याचे औषध तिच्या अंगाला नीट लागत नसे. खर्च मात्र शेतकऱ्याच्या अंगाला लागे.

अशा वेळी संशोधकांना ढेकणांच्या पुंजक्यात काही तांबूस, टणक, फुगीर ढेकूण आढळू लागले. त्यांच्या आत एक परोपजीवी गांधीलमाशी वाढत होती. जेमतेम दोन मिलिमीटरची ही काळी माशी माणसाला दंश करीत नाही. मादी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते, अळी त्याला आतून पोखरते आणि सुमारे पंधरवड्यात नवी माशी कवचाला छिद्र पाडून बाहेर पडते.

अलीगढचे कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये तिचे वर्णन करून डॉ. बंबावाले यांच्या गौरवार्थ तिला ‘एनेसियस बंबावालेई’ हे नाव दिले. पुढे 2014 मध्ये असे दिसून आले की, अमेरिकेत पूर्वीच नोंदलेली ‘एनेसियस ॲरिझोनेन्सिस’ ती हीच. म्हणजे किडीच्या मुलखातलाच तिचा वैरी, कोणी न बोलावता तिच्या मागोमाग आला! पपईवरील ढेकणासाठी 2010 मध्ये अशीच एक माशी प्वेर्तो रिकोहून मुद्दाम मागवावी लागली होती.

आज तिची नोंद भारताखेरीज पाकिस्तान, चीन, इराण, इजिप्त येथेही आहे. पिठ्या ढेकूण दीडशेहून अधिक वनस्पतींवर जगतो; माशीची भिस्त मात्र मुख्यतः या एकाच ढेकणावर. म्हणूनच धुऱ्यावरचे गाजरगवत हा मोठा पेच आहे. कीड तेथे आसरा घेते आणि माशीही तेथेच वाढते. ते उपटण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. ढेकूण पांढरेच असतील, तर गवत पुरून टाकावे. तांबूस ढेकूण बरेच असतील, तर काही दिवस थांबावे. त्या काळात तीव्र कीटकनाशकाचा एक फवारा ढेकणाआधी माशीचाच बळी घेतो. मुंगळ्यांची वर्दळ असेल तेथे मात्र अधिक लक्ष हवे, कारण गोड स्रावाच्या लोभाने ते ढेकणांची राखण करतात. वेचणीनंतर धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाट्यांचीही हीच तपासणी पेरणीपूर्वी उरकलेली बरी.