आधी परवानगी, मग घुसखोरी



भांडुप आणि मुलुंडच्या मधले आमचे हे नाहूर स्टेशन २००६ साली सुरू झाले. पण या पट्ट्याची ओळख त्याहून जुनी, लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांची. तिथे नवा अप्रेंटिस आला की त्याच्या हाती आधी भंगारातला तुकडा यायचा. लेथवर हात बसला की मग खरे काम. सायबर सुरक्षेचे शिक्षणही असेच व्हावे, असे मला फार मनापासून वाटते.

का, ते एका उदाहरणातून पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी मंजुरीसाठी बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते. चोरांनी वाटेतच बनावट स्विच उभा केला आणि मंजुरी परस्पर देऊन टाकली. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले, बँकांच्या स्विफ्ट या संदेशप्रणालीमार्गे आणखी काही कोटी गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. असा डाव ओळखणारी नजर नुसत्या पुस्तकाने येत नाही. यंत्रणा कुठे फुटते, हे स्वतः फोडून पाहावे लागते.

पण फोडायचे काय? शेजाऱ्याचे वायफाय नव्हे, आणि कॉलेजची निकालाची वेबसाइट तर मुळीच नव्हे. ‘मी फक्त बघत होतो’ या सबबीने सुटका होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४३ मालकाची परवानगी होती का, एवढेच विचारते. नसेल तर भरपाई द्यावी लागते. हेतू अप्रामाणिक असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अठराएकोणीस वर्षांच्या हुशार मुलाच्या नावावर गुन्हा नोंदला जाणे हे आपल्या सर्वांचे नुकसान आहे.

आणि शिकण्यासाठी दुसऱ्याची यंत्रणा फोडण्याची गरजही नाही. आपल्याच लॅपटॉपवर आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स टाका. त्यात एकीकडे हल्ल्याची साधने असलेले काली लिनक्स, दुसरीकडे मुद्दाम कच्चे ठेवलेले मेटास्प्लॉइटेबल. दोघांचे नेटवर्क मात्र इंटरनेटपासून तोडलेले हवे. लिनक्सची ओळखच नसेल, तर ओव्हरदवायर या संकेतस्थळावरच्या बँडिट या खेळापासून सुरुवात करा. तिथे एक पायरी सुटली की पुढच्या पायरीचा पासवर्ड मिळतो. ओवॅस्प या संस्थेचे ज्यूस शॉप हे सुरक्षेत भोके ठेवूनच बांधलेले ऑनलाइन दुकान आहे. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी तर फुकट आहे. लॉगिनच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकताच मागची डेटाबेस-क्वेरी कशी कोलमडते, हे तिथे बिनधास्त पाहा. मग तसलेच भोक ज्यूस शॉपच्या आपल्या प्रतीत बुजवा आणि काय केले ते लिहून काढा. जो नुसते फोडतो आणि अहवाल लिहीत नाही, तो अर्धेच शिकला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे: कॉलेजच्या मुख्य नेटवर्कपासून वेगळी अशी एक सराव-प्रयोगशाळा उभी करा आणि ती संध्याकाळीही उघडी ठेवा. विद्यार्थ्यांनो, सरावाबाहेर एखादी खरी त्रुटी दिसली, तर पुढे खोदू नका. मालकाला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवा आणि थांबा.