स्वतंत्र व्यावसायिक आणि कराची तरतूद



शिक्षक असो वा ग्रामसेवक, त्याच्या पगारातून देय असलेला आयकर व व्यवसाय कर कार्यालयातच कापला जातो. हाती येते ती रक्कम त्याची स्वतःची असते. धाराशिव जिल्ह्यात कळंब, भूम किंवा उमरगा येथे स्वतःचा दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरची अथवा वकिली करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या गल्ल्यात पडणाऱ्या पैशात शासनाचाही अंश मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

शिवाय या जिल्ह्यात जमा बारमाही सारखी नसते. सोयाबीनची रास होऊन माल बाजारात गेला म्हणजे थकलेली फी येते. पाऊस रुसला तर तीही येत नाही. "मार्चमध्ये पाहू" असे म्हणणाऱ्यावर मार्चमध्ये कर भरण्यासाठी हातउसने घेण्याची पाळी येते ती यामुळेच.

वास्तविक अंदाज बांधणे फारसे अवघड नाही. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल आदींची वार्षिक जमा ५० लाख रुपयांच्या आत असल्यास जमेची निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची सवलत कायद्यात आहे. (खर्च निम्म्याहून अधिक असल्याचे दाखवावयाचे, तर सामान्यतः वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते.)

समजा, एखाद्या डॉक्टरची २०२५-२६ ची जमा २६ लाख रुपये झाली व अन्य उत्पन्न नाही. उत्पन्न धरले १३ लाख. नव्या करप्रणालीच्या त्या वर्षीच्या दरांनी पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढील ४ लाखांवर शेकडा ५ प्रमाणे २० हजार, त्यापुढील ४ लाखांवर शेकडा १० प्रमाणे ४० हजार आणि उरलेल्या १ लाखावर शेकडा १५ प्रमाणे १५ हजार. एकूण ७५ हजार, त्यावर शेकडा ४ उपकराचे ३ हजार. हे ७८ हजार म्हणजे जमेच्या बरोबर शेकडा ३. शंभर रुपये फी आली की तीन रुपये निराळ्या बचत खात्यात, एवढेच करावयाचे. उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिले, तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो व साठविलेले पैसे घरातच राहतात. अंदाज चुकावयाचाच असेल तर तो या बाजूने चुकलेला बरा.

वर्षाचा कर १० हजार वा अधिक होणार असेल, तर तो अग्रिम भरावा लागतो. निम्म्याची पद्धत स्वीकारणाऱ्यास तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. इतरांस जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च असे चार हप्ते. कसूर झाल्यास दरमहा शेकडा १ व्याज.

व्यवसाय कराचा तर अंदाजही नको. तो वर्षाला २,५०० रुपये ठरलेला आहे. या कराशी मराठवाड्याचे नाते जुने आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामांवर होते. त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस पैसा मिळावा म्हणून १९७५ साली हा कर बसविण्यात आला. तेव्हा राज्यघटनेने वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. नावनोंदणी झालेल्या व्यावसायिकाने तो ३० जूनपर्यंत भरावयाचा असतो. ते दिवस पेरणीचे. गावचा पैसा बी-बियाणे व खतांत गुंतलेला, दवाखान्यात उधारी. म्हणून ही रक्कम दिवाळीनंतरच्या जमेतूनच काढून ठेवणे इष्ट.