चार पावले सोबतीची

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)



समाजात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले, की सारे धावून जातात. डबा पोहोचतो, मुंबईला जाण्यासाठी गाडी मिळते, पैशाची सोय होते. या परंपरेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र त्याच प्रेमापोटी आपण रुग्णाला बजावतो, "तुम्ही फक्त पडून राहा, पाण्याचा पेलासुद्धा उचलू नका." आज या प्रेमळ आग्रहाविषयीच मला बोलायचे आहे.

केमोथेरपी व रेडिएशनच्या काळातील थकवा हा श्रमाचा थकवा नव्हे; तो नुसत्या झोपेने जात नाही. सतत पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि अशक्तपणात भर पडते. कापडाचे ठाण वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले, तर ते घडीवरच विरते. शरीराचेही तसेच आहे.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये अशी शिफारस केली, की बरे करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतानाच रुग्णाला चालण्यासारखा व स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सौम्य आसने, मध्ये विश्रांती व प्राणायाम असा योगक्रम आखून त्याचा अभ्यास केला. तो डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील परिषदेत मांडला गेला. उपचारानंतरचीही गोष्ट पाहा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनी शंभरात ९० जण हयात होते. केवळ माहितीपुस्तिका दिलेल्या गटात ८३.

अर्थात व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. ताप असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार घटल्या असतील, आजार हाडांत पोहोचला असेल, छातीत दुखत वा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीही करू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दी टाळावी. एरवी पाच-दहा मिनिटांपासून आरंभ करावा. केमोनंतरचे दोन-चार दिवस जड गेले, तर तेवढे दिवस कमी चालावे. पण अजिबात सोडू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील उपवास आपल्याला चटकन आठवतो. परंतु उपचाराच्या काळात रुग्णाने तो डॉक्टरांना व गुरुमहाराजांना विचारल्याविना करू नये. त्याच बारांमध्ये वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे आभ्यंतर तप आहे. आजारी माणसाचा हात धरून त्याच्या गतीने दहा मिनिटे चालणे, हेही वैयावृत्त्यच होय.

आपल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील रस्त्यांवर मालमोटारींच्या वर्दळीत अशक्त माणसाने चालावे तरी कोठे? म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे, की ट्रस्टचे प्रांगण सकाळ-संध्याकाळ एक-एक तास अशा रुग्णांसाठी खुले ठेवावे, बसायला चार बाके ठेवावीत आणि सोबत चालणाऱ्या युवक-युवतींची यादी करावी. खर्च अत्यल्प आहे. वेळ तेवढा द्यावा लागेल. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.

जय जिनेंद्र!