लघवीचे कल्चर : आधी नमुना, मग औषध

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विश्रामबाग येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



धार्मिक ट्रस्टच्या व्यासपीठावर मूत्रपरीक्षेचा विषय कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु याच संकोचापायी घरोघरच्या भगिनी लघवीची जळजळ निमूटपणे सोसतात आणि अखेर दुकानातून चार गोळ्या परस्पर मागवितात. दोन दिवसांत बरे वाटते, उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात व पुढच्या खेपेस त्याच घेतल्या जातात. एके दिवशी थंडी वाजून ताप भरतो, कुशीत दुखू लागते. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची ती खूण असू शकते.

सर विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. विश्रामबागेच्या रहिवाशाला तपासणीसाठी फार दूर जावे लागते असे नाही. उणीव असते ती योग्य वेळी योग्य नमुना देण्याची.

लघवीच्या साध्या तपासणीत पूपेशी दिसतात, त्यावरून संसर्गाची शंका येते. पण जंतू कोणता व त्यावर कोणते औषध चालेल, हे तीत कळत नाही. ते कल्चरमध्ये कळते. लघवीचा अतिसूक्ष्म अंश पोषक थरावर पसरून सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवतात. १८ ते २४ तासांत जंतूंच्या वसाहती डोळ्यांना दिसू लागतात. हा थर घट्ट राहतो तो अगारमुळे, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या व आपल्या बाजारात चायनाग्रास म्हणून मिळणाऱ्या पदार्थामुळे. जिलेटिनचा थर उष्णतेने पातळ होई. तेव्हा १८८१-८२ च्या सुमारास फॅनी हेसे या गृहिणीने रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या पतीला अगार सुचविले. स्वयंपाकघरातील या ज्ञानाचे ऋण जंतुशास्त्र आजही फेडीत आहे!

पुढे १९५० च्या दशकात एडवर्ड कास यांनी एका मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू ही संसर्गाची मोजपट्टी रूढ केली. स्पष्ट लक्षणे असतील, तर याहून कमी संख्याही डॉक्टर महत्त्वाची मानतात. मात्र बाटलीत त्वचेवरचे जंतू उतरले, तर सारा हिशेब चुकतो. थानाचा वरचा मळका पदर पाहून कोणी कापडाची पारख करीत नाही. तद्वत स्वच्छता करून पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. घरातील धुतलेली बाटली चालत नाही.

नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. अन्यथा तो फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, कारण उबेत जंतू वाढतात व संख्या फसवी होते. स्वयंपाकघरातील फ्रीजमध्ये ही बाटली ठेवणे ज्येष्ठांना रुचणार नाही, आणि त्यांचा आग्रह अनाठायीही नाही. त्यावर सोपा उपाय असा, की प्रयोगशाळेतच जाऊन नमुना द्यावा.

सर्वांत मोठा घात होतो तो प्रतिजैविकाची गोळी घेऊन मग नमुना दिल्याने. जंतू दबलेले असतात, अहवालात वाढ नाही असे येते, आणि दुखणे मात्र राहते. नमुना आधी दिलेला असेल, तर अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी उपचार सुरू करण्यास आडकाठी नसते. अहवालातील ‘एस’ म्हणजे औषध लागू, ‘आर’ म्हणजे जंतू त्यास दाद देत नाही. मूत्रसंसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय हा जंतू आज अनेक जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. म्हणूनच मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आले.

तरुण स्त्रीच्या साध्या, पहिल्याच त्रासात डॉक्टर कल्चरविनाही औषध देऊ शकतात. वारंवार होणारा संसर्ग, ताप, गर्भारपण, लहान मूल किंवा पुरुष रुग्ण असेल, तर कल्चर टाळू नये. उलट, काहीही त्रास नसलेल्या वृद्धाच्या कल्चरमध्ये जंतू दिसले, तर बहुधा औषधाची गरज नसते. कुटुंबीयांनी त्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नये. गर्भवतीची गोष्ट वेगळी आहे. तिला जळजळ नसली तरी असे जंतू आढळल्यास उपचार करतात, म्हणून गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच ही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, आणि सासूबाईंनी सुनेसोबत स्वतः जावे.