परतीची पिशवी

बगरूच्या या छापखान्याच्या अंगणात तुमचं स्वागत. मागे वाळत घातलेल्या कापडांना हात लावू नका, रंग अजून ओला आहे!

मी मूळची इचलकरंजीची. छापील कापडाच्या कामानं सात वर्षांपूर्वी इथं आले. २०२४ च्या ऑक्टोबरात याच गावातून पाठीवर पिशवी टाकून निघाले. ठरवलं होतं एकशेवीस दिवस: नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात, "किती लागले?" आकडा सांगितला की दोन प्रतिक्रिया येतात. "एवढ्यात झालं?" किंवा "एवढे घालवलेस?" दोन्ही वेळा माणसं फक्त बेरीज ऐकतात. आज मला त्या बेरजेच्या आतलं बोलायचं आहे.

आधी आपल्याच लोकांचे तीन हिशेब बघू.

पहिला इथलाच. ऑगस्ट १७४८ मध्ये मल्हारराव होळकरांची फौज बगरूत लढली, जयपूरच्या ईश्वरीसिंहांविरुद्ध. लांबचा प्रवास करून आलेल्या फौजेचा खर्च कोण देतो? हरणारा. हे बजेट आपल्याला उपलब्ध नाही.

दुसरा विष्णुभट गोडसे यांचा. १८५७ मध्ये हे भिक्षुक गृहस्थ पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले. घरात कर्ज होतं आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं होतं. म्हणजे वाटेत कमवायचं आणि घरी आणायचं. गाठ पडली ती बंडाशी. झाशी पडली तेव्हा ते झाशीत होते. मिळवलेलं लुटलं गेलं, पण जीव वाचला. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. प्रवासवर्णन म्हणून आपण ते वाचतोच. एकदा हिशेबाची वही म्हणून वाचा. पैसा कुठे मिळाला, कुठे लपवला, कुठे गेला, ते पानोपानी आहे.

तिसरा हिशेब शून्याचा. सतीश कुमार हे याच राजस्थानातले, श्रीडुंगरगडचे. ते आणि त्यांचे मित्र ई. पी. मेनन १९६२ मध्ये दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. निघण्यापूर्वी विनोबांनी त्यांना सांगितलं होतं: जवळ पैसे ठेवू नका. पैसे असले की माणूस हॉटेलात जातो. नसले की कुणाच्या तरी दारात जावं लागतं आणि बोलावं लागतं. गंमत बघा, विनोबांचं गागोदे आणि गोडसे भटजींचं वरसई, दोन्ही पेण तालुक्यातली. एक पैसा मिळवायला बाहेर पडणारा, दुसरा पैसा टाकून जा म्हणणारा! पण शून्याच्या बजेटमध्येही खर्च असतोच, फक्त तो दुसरा कुणीतरी करतो. वाटेतल्या घरांनी जेवू घातलं आणि समुद्र ओलांडायला बोट लागलीच. शांततेसाठी चालणाऱ्याला लोक आनंदानं वाढतील. मी हिंडायला निघालेली बाई, माझं ताट कुणी का भरावं?

तेव्हा आपला हिशेब चौथा: स्वतःच्या कष्टाचे मोजके पैसे. माझ्याकडे तीन लाख होते, सहा वर्षांत साठवलेले. त्यांचे चार भाग केले.

पहिला भाग पंचेचाळीस हजारांचा. याला मी परतीची पिशवी म्हणते. जगात कुठेही असले तरी आज ठरवून परवा घरी पोचायला जेवढे लागतील तेवढे. वेगळ्या खात्यात, वेगळ्या कार्डावर. त्या कार्डानं चहासुद्धा प्यायचा नाही.

दुसरा भाग चाळीस हजारांचा: दारं उघडण्याचा खर्च. व्हिसा, प्रवासविमा, लसी आणि कोलकाता ते बँकॉक विमान. आपण जमिनीवरून जाणारी माणसं, मग विमान कशाला? मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जायचा रस्ता नकाशावर आहे, पण तिथल्या यादवीमुळे प्रवाशाला त्यावर भरवसा ठेवता येत नाही. व्हिसाचे माझ्या वेळचे दर सांगते: लाओस चाळीस डॉलर, व्हिएतनामचा ई-व्हिसा पंचवीस, कंबोडिया तीस. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि थायलंडनं तेव्हा भारतीयांना व्हिसामाफी दिली होती. हे नियम बदलत राहतात, निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा. विम्याची कलमंही वाचा. योग्य परवान्याशिवाय भाड्याची स्कूटर चालवून पडलात, तर विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत हजार रुपयांत मिळतो.

तिसरा भाग सगळ्यात मोठा, एक लाख ऐंशी हजार: रोजचा खर्च. लिहून घ्यायचं असेल तर घ्या. भारतात पंधरा दिवस, रोज नऊशे. नेपाळ तीस दिवस, अकराशे. थायलंड वीस दिवस, दोन हजार. लाओस वीस दिवस, सोळाशे. व्हिएतनाम पंचवीस दिवस, अठराशे. कंबोडिया दहा दिवस, साडेसोळाशे. सरासरी रोज दीड हजार. हे डॉर्मिटरीतली खाट, रस्त्यावरचं जेवण आणि बस-रेल्वे धरून. तुमचा आकडा वेगळा येईल. पद्धत घ्या, आकडा नको.

चौथा भाग पस्तीस हजारांचा, आणि तो मला या गावानं शिकवला. ही मागची दाबूची छपाई बघा. माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचा भुसा कालवून ठशानं कापडावर लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात, उन्हात वाळवतात आणि मग निळीच्या कुंडात बुडवतात. माती आहे तिथं निळा रंग चढत नाही. या सगळ्याचा धनी ऊन. पावसाळ्यात कापड वाळत नाही, काम मंदावतं, पोट मात्र मंदावत नाही. म्हणून इथला छिपा मालाचा भाव सांगताना नुसते हात चालले तेवढेच दिवस धरत नाही, हात बांधून बसलेले दिवसही धरतो. प्रवासातही तसंच. ताप येतो, दरड कोसळून रस्ता बंद होतो, सणाला कचेऱ्या बंद असतात. एकशेवीसपैकी पंधरा दिवस असे जाणार असं मी आधीच धरलं होतं. त्यांचा रोजचा खर्च तिसऱ्या भागात होताच, या चौथ्या भागात त्या दिवसांचा जादा खर्च: डॉक्टर, स्वतंत्र खोली, बुडालेलं तिकीट.

आता पैसे गळतात कुठे ते सांगते. जेवणात फार गळत नाहीत, हलण्यात गळतात. दर दोन दिवसांनी गाव बदललं की प्रत्येक वेळी तिकीट, रिक्षा आणि पोचल्या पोचल्या भुकेपोटी घेतलेलं महाग जेवण. एका गावात सहा रात्री राहिलं की भाडं कमी करून मिळतं, स्वस्त खानावळ सापडते, तिसऱ्या दिवशी खानावळवाली ओळखून हसते.

दुसरी गळती एटीएमची. थायलंडमध्ये माझ्या वेळी परदेशी कार्डाला दर वेळी सुमारे दोनशेवीस बाथ कापायचे. दोन हजार बाथ काढले तर अकरा टक्के गेले. वीस हजार काढले तर जेमतेम एक टक्का. म्हणून क्वचित काढा, जास्त काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. यंत्र विचारतं, "रुपयांत वजा करू का?" नाही म्हणायचं, त्यांचा दर नेहमी त्यांच्या सोयीचा असतो. नेपाळमध्ये ही कटकट कमी, तिथं आपल्या शंभराला एकशेसाठ हा दर १९९३ पासून ठरलेला आहे.

शाकाहारी मंडळींना एक गोष्ट. व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हणजे आपला चहा नव्हे, शाकाहारी जेवण! बौद्ध मंदिरांच्या आसपास अशा खानावळी असतात, आणि चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक तिथं जेवतात. स्वस्त आणि पोटभर. बाकी दिवसांसाठी मेतकूट होतंच.

आणि हिशेब रोज नाही, आठवड्यानं करा. रोज केला की एका महाग दिवसानं जीव कासावीस होतो. दर रविवारी मी सात दिवसांची बेरीज मांडायचे. जास्त झाली तर पुढचा आठवडा एकाच गावात.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी मी लाओसमध्ये लुआंग प्राबांगला होते. संध्याकाळी दादाचा फोन आला. "आप्पांच्या छातीत दुखतंय. मिरजेला आणलंय. परवा सकाळी बायपास." मग म्हणाला, "तू लगेच यायलाच पाहिजे असं नाही." मोठे भाऊ असंच म्हणतात.

त्या रात्री मला अनेक गोष्टींची भीती वाटली, पण पैशांचा विचार एकदाही करावा लागला नाही. दुसरं कार्ड काढलं. लुआंग प्राबांग ते बँकॉक, बँकॉक ते मुंबई, तिथून गाडी. छत्तीस हजार चारशे रुपये. दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला मी आप्पांच्या खाटेशी होते. ते म्हणाले, "नेपाळात थंडी होती का गं?" मी म्हटलं, होती. मग पहाटेपर्यंत थोडं थोडं बोलत राहिलो. सकाळी त्यांना आत नेलं.

आप्पा आता बरे आहेत. माझा प्रवास तेव्हा अर्धाच राहिला. रोजच्या खर्चातले एकोणऐंशी हजार उरले होते, लगेच पुन्हा निघता आलं असतं. पण परतीची पिशवी रिकामी होती. ती भरायला आठ महिने लागले, मगच व्हिएतनाम आणि कंबोडिया केलं. निघताना आप्पांनीच विचारलं, "ते वेगळं कार्ड घेतलंस ना?"

तरुण मुलं मला सांगतात, "ताई, पन्नास हजार जमलेत, तेवढ्यात निघतो, पुढचं पुढे." मी त्यांना अडवत नाही. फक्त विचारते, घरून फोन आला तर यायचं तिकीट कोण काढणार? उत्तर "बाबा" असेल, तर तो प्रवास बाबांच्या खर्चानं चाललाय, एवढं लक्षात असू दे. पन्नास हजार खूप आहेत. त्यातले दहा वेगळे काढा आणि चाळीसांत नेपाळ करून या. नेपाळहून परत यायला दहा हजार पुरतात. लाओसहून पुरत नाहीत. किती लांब जायचं ते परतीच्या पिशवीवरून ठरवा.

आज घरी गेल्यावर वहीचं एक पान घ्या. वर जायच्या देशांची नावं लिहू नका. आधी लिहा: तिथून घरी यायला किती? तो आकडा जमला की देश निवडायला बसू. काही अडलं तर मी इथंच आहे, बगरूत. पावसाळ्यात आलात तर निवांत बोलू, तेव्हा कामही कमी असतं.